रिमोटमधून निघालेले सेल

इकडेतिकडे काय बघताय, मीच बोलतोय. दारामागच्या खिळ्याला दोरीने लटकलेला टॉर्च. कोणी मला बॅटरी म्हणतं, कोणी चायनाचं डबडं. म्हणा काय म्हणायचं ते. पण आज जरा ऐकून घ्या, कारण तीन वर्षं मी जे सोसलंय ते आता पोटात मावत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते थेट डोंबिवली स्टेशनबाहेरच्या हातगाडीपासून. किसण्या, नेलकटर आणि मोबाइलची कव्हरं यांच्या ढिगात मी पडलो होतो. आसावरीने मला उचललं आणि भर दुपारी समोरच्या शटरवर उजेड मारून बघितला. गाडीवाला म्हणाला, "ताई, स्वस्तातला आहे पण उजेड बघा कसा फेकतो! फक्त सेल चांगले टाका." त्याचं हे शेवटचं वाक्य पुढे या घरात कोणी मनावर घेतलं नाही.

आसावरीने मला घेतलं ते तिच्या आईसाठी. हेमाताई म्हणजे शाळेतल्या निवृत्त गणिताच्या बाई. चौथा मजला, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. शेजारी टॉवर उभा राहिला आणि जिन्याच्या खिडक्यांसमोर त्याची भिंत आली, तेव्हापासून दिवसाही जिन्यात मिट्ट काळोख. त्यात शुक्रवारी दुरुस्तीच्या नावाखाली सकाळपासून लाईट गायब. आणि हेमाताईंना बाहेर पडायचं असतं ते नेमकं शुक्रवारीच.

कारण शकू. ठाकुर्लीची शकू चाळिशीत दहावीला बसतेय. एमआयडीसीत पॅकिंगला जाते, तिथे सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी तिलाच बसावं लागतं, म्हणून हेमाताई रिक्षा करून तिच्याकडे शिकवायला जातात. दोनदा गणितात नापास झाली, तरी पठ्ठीने हार मानली नाही. हेमाताईंच्या एका डोळ्याला कमी दिसतं, गुडघेही कुरकुरतात. मोबाइलच्या उजेडात उतरून पाहिलं, तर तो हातातून सुटून तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली गेला. मला निदान मनगटात अडकवता येतं.

आसावरीने माझ्या पोटात तीन नवे अल्कलाइन पेन्सिल सेल घातले. पहिल्या शुक्रवारी मी असा काही पेटलो की हेमाताई म्हणाल्या, "अगंबाई! पायरीच्या कडेचा तुटका टवकासुद्धा दिसतोय." टकाटका उतरल्या. काय सांगू, मला माझाच अभिमान वाटला होता.

पण हे सुख किती दिवस? ते सेल संपले आणि माझी सूत्रं गेली भाऊंच्या हातात.

भाऊ म्हणजे हेमाताईंचे यजमान. तीस वर्षं एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये काढलेला माणूस. जुना माल आधी बाहेर, नवा माल मागे, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. माणूस वाईट नाही हो! पण घराचंही त्यांनी स्टोअरच करून ठेवलंय. नवे सेल आणले की एक भिंतीवरच्या घड्याळात, दोन टीव्हीच्या रिमोटमध्ये. तिथून निघालेले तीन म्हातारे माझ्या पोटात. वर अभिमानाने सांगायचे, "बघ, एकसुद्धा वाया जात नाही."

अहो भाऊ, उलटं आहे ते सगळं! घड्याळाची भूक मुंगीएवढी. मरायला टेकलेल्या सेलवरही ते महिनोन्‌महिने टिकटिकत बसेल. रिमोटला तर चॅनल बदलण्यापुरतंच काम. मला मात्र एकदम भरपूर आणि सलग लागतं. माझा उजेड झगझगीत, म्हणून भूकही तशीच. त्यात तिघांतला एक जरी मेलेला असला, तरी बाकीच्या दोघांनाही घेऊन बसतो. पण हे सांगू कसा? मला तोंड आहे ते फक्त उजेड फेकायला.

आणि त्यांची तपासणी! सेल घालायचे, बटण दाबायचं, छताकडे उजेड मारायचा. "फर्स्ट क्लास!" की लगेच बंद. दोन सेकंद! अहो, दोन सेकंद तर कुठलाही मरतुकडा सेल शिलकीतला जीव गोळा करून पेटतो. पुढे चार मजले आहेत त्याचं काय?

सेल गार पडले की ते तळहातावर चोळायचे, गॅलरीत उन्हात ठेवायचे. सलिल, त्यांचा मुलगा, एकदा म्हणाला, "बाबा, चार्जिंगवाले सेल घ्या ना, कटकटच नको." भाऊ म्हणाले, "अरे, सेल म्हणजे सेल. घरात एवढे पडलेत, ते आधी संपू देत." एका पावसाळ्यात माझ्या पोटात सेल फुटला, पांढरी पूड स्प्रिंगवर चढली. हेमाताईंनी ती चिंधीने खरवडून काढली. भाऊंनी काय केलं? डब्यातला दुसरा जुना सेल घातला. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

मग व्हायचं तेच झालं. डिसेंबरातला शुक्रवार. चौथ्यापासून तिसऱ्यापर्यंत मी झक्क होतो. तिसऱ्याच्या खाली पिवळा पडलो. दुसऱ्यावर नुसता निखारा. हेमाताईंनी मला दोनदा तळहातावर आपटलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, खरंच केला. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आणू? त्यांची एक पायरी चुकली आणि त्या कोसळल्या.

पाय मुरगळला, हाड वाचलं. सलिल संतापला. "आई, बस झालं आता. एकटीने जिना उतरायचा नाही. शकूताईंना दुसरी बाई बघायला सांग." आणि भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "स्वस्तातला माल, दुसरं काय!"

मी! माझी चूक! त्या दिवशी मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नव्हता.

दोन महिने हेमाताई घरात बसून होत्या. शकू फोनवर उदाहरणं विचारायची, पण भूमितीची आकृती फोनवर कशी काढणार? परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा ती म्हणाली, "बाई, माझं काय खरं नाय या वेळेला पन. फारम भरला तो फुकटच जानार." हेमाताईंनी फोन ठेवला आणि कॅलेंडरात पुढचा शुक्रवार बघितला.

पुढच्या शुक्रवारी त्या साडी बदलून दाराशी आल्या. "अहो, सलिल म्हणतो एकटीने नको. तर मग तुम्ही चला. तुम्ही पुढे, मी मागे."

"चल की," भाऊ म्हणाले. मला खिळ्यावरून काढलं, पुन्हा डब्यातलेच जुने सेल घातले. बटण दाबलं, छतावर उजेड मारला. "फर्स्ट क्लास!"

हेमाताईंनी दार उघडून त्यांना पुढे केलं.

तिसऱ्याच्या खाली मी पिवळा पडलो. भाऊंनी मला झटकलं. दुसऱ्यावर पोचेस्तोवर मी विझलो, पार विझलो. एक पाय खालच्या पायरीवर आणि एक वरच्या, असे भाऊ अडकले. कठडा शोधायला हात फिरवला तर हाताला नुसती भिंत. त्यांनी मला मुठीत घट्ट आवळलं.

"हेमा... थांब गं. हलू नकोस. मला काहीच दिसत नाहीये."

मागून हेमाताईंचा आवाज आला, अगदी शांत. "मला दर शुक्रवारी इथे असंच दिसायचं. तुम्ही वर सेल उन्हात ठेवत असायचात."

मग हेमाताईंनी त्यांचा हात धरून कठड्यावर ठेवला आणि दोघं पाय चाचपडत एकेक पायरी खाली उतरले.

खाली भाऊ म्हणाले, "थांब, आधी समोरच्या दुकानातून नवे सेल घेतो." हेमाताईंनी तोवर रिक्षा थांबवली होती. "तुम्ही घ्या निवडून. शकूची आख्खी भूमिती राहिलीय," म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा.

भाऊ दुकानात गेले. दुकानदार हातात येईल ते पाकीट देत होता, तर म्हणाले, "रिमोटसाठी नकोत हो. टॉर्चसाठी द्या, अल्कलाइन, तिन्ही एकाच पाकिटातले." मग काउंटरवर मला पेटवलं आणि बंद केलंच नाही. दुकानदार वैतागला, "काका, लागला ना? झालं की!" भाऊ म्हणाले, "नाही झालं. बायकोला चार मजले उतरायला किती वेळ लागतो ते मी कधी मोजलंच नव्हतं."

आता मी खिळ्यावर आहे, पोट भरलेलं आहे. माझा राग मात्र पुरता गेलेला नाही, कारण तुमच्याही दारामागे माझा कोणीतरी भाऊबंद लटकत असेल. त्याच्यासाठी एवढंच मागतो. छतावर उजेड मारून त्याला पास करू नका. ज्या माणसाला त्याच्या उजेडात उतरायचंय, तो माणूस शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत त्याला चालू ठेवून बघा.