सुट्या भागांची टोपली

दुरुस्तीच्या चिठ्ठीत सात रकाने असतात. एकोणीस वर्षांत सुमिए हानाओकाने अशा हजारो चिठ्ठ्या भरल्या, एकेक फार तर दहा मिनिटांत. ही एक भरायला तिला तेवीस दिवस लागले.

१. ग्राहक

कुरामोची तात्सुओ, तोक्यो. जुन्या कॅमेऱ्यांचे व्यापारी आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळात त्यांना सगळे 'डोळा' म्हणत. टॉर्च लावून लेन्समधून एकदा पाहिलं की ते निकाल देत, आणि त्या निकालावर कुणी चकार शब्द काढत नसे.

निकाल तीनच. 'जपा.' 'दुरुस्त करा.' 'सुट्या भागांपुरती.' तिसरा निकाल लागला की ती लेन्स दाराजवळच्या बांबूच्या टोपलीत जाई. ज्याने आणली त्याने ती परत उचलायची नाही, तो डोळ्याचा अपमान. दुसऱ्या कुणीही चहाच्या डब्यात पाचशे येनचं नाणं टाकावं आणि घेऊन जावं. निकाल फिरवायचाच असेल तर तो ज्याने दिला त्यानेच, उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा फिरवायचा. मंडळाला तीस वर्षं झाली. अजून कुणी उभं राहिलं नव्हतं.

२. वस्तू

हाकुरेई कॅमेरा, सहा बाय सहा, दोन डोळ्यांचा. वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून फोटो.

अशा हाकुरेईंचा कारखान्याच्या गावी, ओकायात, एके काळी ढीग पडलेला असायचा. याच्या खालच्या लेन्सच्या कड्यावर मात्र नंबर होता ०११. शून्याने सुरू होणारा नंबर म्हणजे चाचणीच्या खोलीतला. बाहेरची नळी तीच, आतली काच वेगळी. नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही, फिल्म धुतल्यावर कळतो. अशा बारा लेन्स झाल्या, अकरा कारखान्यानेच फोडल्या, ही एक उरली. फेब्रुवारीच्या बैठकीच्या निमंत्रणपत्रावर तिचाच फोटो होता. शेजारी आणखी एक बारका फोटो, मागे कधी लेन्स उघडून कडेची काळी शाई पुसली तेव्हाचा: आतल्या भिंगाच्या कडेवरची पेन्सिलची खूण, तीन तिरप्या रेघा आणि अकराचा आकडा. खाली ओळ होती, 'कुणा अज्ञात कारागिराचा हात.'

अज्ञात! सुमिएने ती ओळ वाचली आणि चहाचा पेला इतक्या हळू खाली ठेवला, की नवरा म्हणाला, "काय गं, काय झालं?"

"काही नाही. पार्सल आलंय."

३. ग्राहकाची तक्रार

'शटरच्या पात्यांवर तेल आलं आहे. साफ करून बैठकीला स्वतः घेऊन यावं. भिंगं निर्दोष आहेत, त्यांना हात लावू नये.'

ही त्याची तक्रार. तिची सव्वीस वर्षं जुनी होती.

तेव्हा ती एकतीस वर्षांची, ओगुचींची मुलगी, नगरपालिकेत कारकून. बाबा, ओगुची तोकुजी, शेगडीच्या टेबलाखाली पाय घालून बसलेले, अंगावर दोन स्वेटर, तरी कुडकुडत. समोर कुरामोची, गुडघ्यावर टोपी. त्यांनी टॉर्च लावला, बाबांजवळच्या ०११ची लेन्स फिरवली, जीभ टाळूला लावून 'च्' केलं.

"वाईट वाटतं सांगायला, ओगुची-सान. डिंक सुटलाय. ही कडेला इंद्रधनुष्याची रेघ. सुट्या भागांपुरती."

आत भिंगांची एक जोडी असते, झाडाच्या डिंकाने चिकटवलेली. ते चिकटवणं हे बाबांचं काम होतं. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

बाबांनी लेन्स हातात घेतली. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना काय दिसणार? त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि ते चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकले.

"माफ करा. डिंक मीच लावला होता."

"अहो, होतं असं. हात म्हातारे होतात." कुरामोची कॅमेरा पिशवीत घालता घालता म्हणाले. "टाकून देण्यापेक्षा मी नेतो. स्क्रू तरी कामाला येतील."

सुमिए चहा घेऊन आत आली तेव्हा ते बुटांच्या नाड्या बांधत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

त्यानंतर बाबा बोटं उलटी-सुलटी करून बघत बसायचे. "माझे हात चांगले होते ना गं?"

"होते, बाबा."

"मग सुटला कसा?"

गावच्या तळ्यावरचा बर्फ वितळायच्या आत ते गेले. चार वर्षांनी सुमिएला दाताच्या दवाखान्यात एक जाडजूड मासिक हाताला लागलं. त्यात ०११, दोन पानांवर पसरलेली. 'काचेवर ओरखडा नाही, डिंक पहिल्या दिवसासारखा.' मालक कुरामोची. तिने पानं फाडून घेतली, आणि पुढच्या महिन्यात नगरपालिकेची नोकरी सोडली. लोकांना वाटलं बाई बिघडली. ती माकिनो नावाच्या एका तिरसट म्हाताऱ्याकडे लेन्स उघडायला शिकायला गेली. तीन वर्षं त्याच्या शिव्या खाल्ल्या, मग स्वतःचं टेबल टाकलं. लग्नानंतरचं हानाओका हे नाव दारावर लावलं. एकदाही कुरामोचींना फोन केला नाही, पत्र टाकलं नाही. आपलं काम इतकं नीट करायचं की त्याला एक दिवस दुसरं दार उरू नये, एवढंच ठरवलं.

तो दिवस यायला एकोणीस वर्षं लागली. तोवर कुरामोचींची कामं करणारा माकिनो जानेवारीत वारला.

४. तपासणीत आढळलेले दोष

पात्यांवर तेल, थोडं. बाकी काही नाही.

काही नाही! तिने भिंगांची जोडी दिव्याखाली धरली, तिरकी धरली, भिंगकाचेतून पाहिली. कुठे रेघ नाही, बुडबुडा नाही, पिवळेपणा नाही. कडेची काळी शाई पुसली तेव्हा खालून तीन तिरप्या रेघा आणि अकरा वर आले. बाबा पेन्सिल जिभेला लावून लिहायचे. त्या दिवशी तिने दुसरं काम हातात घेतलं नाही.

५. करायचं काम

~~ओव्हनमध्ये ठेवून तापवायची, मग बाहेर व्हरांड्यात बर्फात. पाच मिनिटांत डिंक खरंच सुटेल. त्याचं वाक्य त्याच्या गळ्यात.~~
(बाबांचं काम बाबांच्या मुलीने फोडायचं?)

~~बुरशी लागलेल्या लेन्सबरोबर एका डब्यात, ओल्या कापसावर, उन्हाळाभर.~~
(तेच.)

~~परत द्यायचीच नाही.~~
(म्हणजे चोर मी.)

तिला काच नको होती. तिला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि ते चार लोकांत हवं होतं.

बेत सुचला तो कपाटातल्या भंगार हाकुरेईकडे बघताना. नळी तीच, काच वेगळी. तिने बाबांची भिंगं काढून त्या भंगाराच्या मळक्या नळीत बसवली, जिच्या कड्यावरचा नंबर घासून गेला होता. आणि भंगारातली साधी भिंगं ०११च्या कड्यामागे. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

धोका तिला माहीत होता. तो आपल्या शब्दाला चिकटून बसला, तर बाबांच्या हातांवर दुसऱ्यांदा आणि सगळ्यांसमोर शिक्का बसेल, आणि तो बसवलेला असेल तिनेच.

६. केलेलं काम

बैठक वामी नावाच्या खानावळीत, वरच्या मजल्यावर. निकाल आधी, जेवण नंतर. खालून कोळशाचा आणि रश्श्याचा वास वर येत होता, त्यामुळे बावीस माणसं घाईत होती.

कुरामोचींनी कॅमेरा काळ्या कापडावर ठेवला. आधी ०११चं कडं सगळ्यांना दाखवलं, मग टॉर्च लावला. "बघा. साठ वर्षांची काच. आजकाल असा डिंक लावणारा हात सापडणार नाही."

माणसं एकेक करून डोळा लावून गेली. "वा!" "अप्रतिम!" एकजण म्हणाला, "श्वाससुद्धा रोखून धरावासा वाटतो." ताकेई मास्तरांनीही पाहिलं. ते नव्वदीला आलेले, हायस्कूलमध्ये फोटोग्राफी शिकवायचे, कानांनी पार गेलेले. ते मोठ्याने म्हणाले, "मला तर नेहमीच्या हाकुरेईसारखीच दिसते!"

सगळे हसले. कुरामोचीही हसले. "मास्तर, तुमचे डोळेही कानांच्या वाटेने गेले की काय?"

मग इतरांच्या वस्तू आल्या. सुमिए शेवटी उठली. रुमालातून मळकी नळी काढून तिने कापडावर ठेवली.

"ही ओकायातल्याच एका घरातून आली. घरातले म्हातारे कारखान्यात होते. ही पण चाचणीच्या खोलीतली, असं ते म्हणायचे."

कुरामोचींचा हात टॉर्चवर थबकला. दुसरी निघाली तर त्यांची एकुलती एक कशी राहणार? तिने तो हात पाहिला आणि तिच्या लक्षात आलं, मासा गळाला लागला.

त्यांनी लेन्स उचलली. एकदा फिरवली. जीभ टाळूला लावून 'च्' केलं. तोच आवाज.

"काय आहे, हानाओका-सान, म्हातारी माणसं बोलतात काहीबाही. डिंक सुटलाय. ही कडेला रेघ. सुट्या भागांपुरती."

"नक्की?"

"बाई, मी लेन्स बघायला लागलो तेव्हा तुम्ही शाळेत होता."

"मास्तरांना ऐकू आलं नाही."

"डिंक सुटलाय, मास्तर!" ते ओरडले. "सुट्या भागांपुरती!"

सुमिएने लेन्स नेऊन टोपलीत ठेवली आणि तिथेच, टोपलीजवळ गुडघे टेकून बसली.

"कुरामोची-सान, तुम्ही या वेळी नीट पाहिलं नाही असं कुणी म्हणायला नको. मास्तर, त्या लेन्समधली जोडी माझ्या पान्याने बाहेर काढाल? कडेला शाई नाहीये. वाचा काय लिहिलंय."

मास्तरांचे कान गेले होते, बोटं नाही. त्यांनी कडं फिरवलं, जोडी तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर सारला. मग खिशातून निमंत्रणपत्र काढून शेजारी धरलं. "तीन रेघा," ते म्हणाले. "आणि अकरा. ही तर ती आहे. फोटोतली!"

कुणीतरी काळ्या कापडावरचा कॅमेरा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"मग मघाशी आपण 'वा वा' केलं ते कशाला?"

"साध्या हाकुरेईच्या काचेला," सुमिए म्हणाली. "माझ्या भंगाराच्या खोक्यातली."

कुरामोचींचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. "ही माझी लेन्स आहे! तुम्ही... हा विश्वासघात आहे! पोलिसांना बोलावतो!"

"बोलवा. तुमचीच आहे. मी एक स्क्रूही ठेवलेला नाही."

"ती टोपलीतून काढा."

"मी आणलीय. मला उचलता येत नाही." ती शांतपणे म्हणाली. "नियम तुमचाच."

तेवढ्यात मास्तरांनी पाकीट उघडलं, आत बोटाने चाचपलं आणि एक नाणं काढलं.

"सुट्या भागांपुरती म्हणालात ना? मग मी घेतो. स्क्रू तरी कामाला येतील."

म्हाताऱ्याने हे वाक्य कुठून आणलं कोण जाणे. नाणं चहाच्या डब्याच्या तोंडाशी गेलं. कुरामोची त्याच्याकडे बघत होते. ते गप्प राहिले तर लेन्स गेली, पण डोळा वाचेल. आणि बाबांचे हात पुन्हा बदनाम होतील.

जिन्याखालून मालकीणबाई ओरडल्या, "भात निवतोय हो, वर कुणी मेलंय का?"

कुरामोची उभे राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी उभं राहिलं. गुडघ्यांचा कटकन आवाज झाला.

"सुटलेला नाही," ते पुटपुटले.

"काय?" मास्तर कानाला हात लावून म्हणाले.

"डिंक सुटलेला नाही!"

"आणि सव्वीस वर्षांपूर्वी?" सुमिएने विचारलं. "शेगडीच्या टेबलापाशी, ओगुची तोकुजींच्या घरात? मी चहा आणला होता."

तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदा, वरपासून खालपर्यंत.

"तेव्हाही," ते म्हणाले.

"मास्तरांना ऐकू आलं नाही."

"तेव्हाही सुटलेला नव्हता!"

मास्तरांनी नाणं पाकिटात परत टाकलं. सुमिएने पाने पसरले आणि बावीस माणसांसमोर बाबांची भिंगं ०११च्या कड्यामागे परत बसवली. पात्यांवरचं तेल तिने आधीच साफ केलं होतं. जेवायला ती थांबली नाही. खाली मालकीणबाईंनी तिच्या हातात डबा कोंबला. मार्चच्या बैठकीत टॉर्च ताकेई मास्तरांच्या हातात होता, आणि कुरामोचींची बसायची गादी भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

७. शेरा

भिंगं निर्दोष. डिंक पहिल्या दिवसासारखा.

भिंगाच्या कडेला काळी शाई मुद्दाम लावलेली नाही. खूण झाकली जाऊ नये म्हणून. त्यामुळे उजेडाकडे तोंड करून काढलेल्या प्रत्येक फोटोवर पांढरट धुकं येईल. शाई लावून हवी असल्यास कॅमेरा इथेच आणावा, टपालाने पाठवू नये. ग्राहकाने स्वतः यावं, बूट काढून आत यावं, आणि कामाची विनंती करताना ज्याने डिंक लावला त्याचं नाव घ्यावं.

दुरुस्ती करणार: ओगुची सुमिए.