न गळणारी मोटरसायकल

वडील गेल्यावर दोघा भावांत ज्याची वाटणी करता येत होती त्याची झाली. मोटरसायकलची करता येईना. पुढचं चाक एकाला आणि मागचं दुसऱ्याला द्यावं, असं वहिनीने सुचवून पाहिलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी ठरलं की गाडी एक वर्ष दादाकडे आणि एक वर्ष धाकट्याकडे राहील. ज्याचं वर्ष संपेल त्याने ती धुऊनपुसून स्वतः चालवत दुसऱ्याच्या दारात नेऊन उभी करायची. घेणाऱ्याने तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि काहीतरी खोट काढायची. खोट काढल्याशिवाय चहा मिळत नसे.

धाकटा म्हणजे पन्नाशी उलटलेला, चष्म्याचा, विमा कंपनीत लोकांचे दावे तपासणारा अधिकारी. पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं तुम्ही वाचली नाहीत, हे लोकांना समजावून सांगण्याचा त्याला पगार मिळत असे. हाताखाली माणसं होती, नावाची पाटी होती. घरात मात्र तो धाकटाच राहिला, आणि दादा खोट काढायला वाकला की त्याला ते फारच जाणवायचं.

खोट ठरलेली असायची. इंजिनाच्या उजव्या झाकणाखालून तेल गळे. फार नाही, पण थेंब धरलेला असायचाच. दादाने आपल्या वर्षांत झाकणाखालची चकती, म्हणजे गॅस्केट, बदलून पाहिलं होतं. चार दिवस बरे जात आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग त्याने गाडीखाली एक पत्र्याचा ट्रे सरकवला आणि दर रविवारी कमी झालेलं तेल भरायचं, एवढा इलाज ठेवला. "म्हातारीला घाम येतो," तो म्हणायचा, "त्यात लाजायचं काय."

धाकट्याला मात्र लाज वाटायची. त्याच्या इमारतीत खाली नव्या फरशा बसवल्या होत्या आणि चेअरमनचा त्यांच्यावर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव होता. "साहेब," तो एकदा जिन्यात म्हणाला, "तुमची गाडी तान्ह्या बाळासारखी आहे हो. उभी केली की ओलं." दोन बायका हसल्या. धाकट्याने त्याच दिवशी ठरवलं की या वर्षी दादाला खोट सापडू द्यायची नाही.

गाडी द्यायच्या आदल्या रविवारी त्याने मोबाइलवर कुणा परक्या माणसाचा व्हिडिओ पाहिला, दुकानातून फटी बुजवायच्या करड्या सिलिकॉनची ट्यूब आणली आणि झाकण उघडलं. ट्यूबवर लिहिलं होतं की अगदी पातळ थर द्यावा. अक्षरं बारीक होती. धाकट्याचा अनुभव असा की जे थोडं लावून भागतं ते भरपूर लावलं तर आणखी भागतं. त्याची ऑफिसातली टिपणंही याच तत्त्वावर लांबत. त्याने अख्खी ट्यूब पिळली. झाकण दाबून बसवलं तेव्हा कडेने करडी वळी बाहेर आली. ती त्याने बोटाने पुसून घेतली आणि त्याला फार बरं वाटलं. बाहेर जेवढं आलं तेवढंच आतही गेलं असणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

गळती थांबली. गाडीखाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद दुसऱ्या दिवशी कोरडा निघाला. तो त्याने बायकोला वर आणून दाखवला.

"वाचून झाला असेल तर रद्दीत ठेवा," ती म्हणाली.

ठरल्या दिवशी त्याने गाडी दादाच्या दारात उभी केली. दोन घरांत अंतर फार नव्हतं, त्यामुळे काही झालं नाही. दादाने फेरी मारली, वाकला, झाकणाखालून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला.

"काय निघालं?" धाकट्याने विचारलं.

"काही नाही रे. कोरडं आहे. कुणाकडून केलंस?"

"कुणाकडून कशाला? मीच केलं."

दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली. ही थाप धाकट्याने बरीच वर्षं ताटकळत वाट पाहून मिळवली होती.

वहिनी दारात उभी होती. तिचं लक्ष गाडीकडे नव्हतं. दादा चित्रकलेचा शिक्षक म्हणून निवृत्त झालेला. गेल्या काही महिन्यांत त्याच्या हातांना किंचित कंप यायला लागला होता. काळजीचं काही नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण वहिनीला डॉक्टरांपेक्षा स्वतःच्या काळजीवर जास्त भरवसा होता. "या वर्षी गाडी राहू दे भाऊजींकडेच," ती म्हणाली. "हात बघा जरा आपले."

"हातांना काय झालंय? हे बघ, टेकडीपर्यंत जाऊन येतो. नीट आलो तर वर्षभर चालवणार आणि तू एक अक्षर बोलायचं नाहीस. नाही आलो तर तू म्हणशील ते."

"लक्षात ठेवा हं. भाऊजी साक्षीला आहेत."

दादा गेला. चहा झाला, निवला, पुन्हा गरम केला. शेवटी कोपऱ्यावरून दादा गाडी ढकलत येताना दिसला. पँट गुडघ्यावर फाटली होती आणि कोपरापासून हात खरचटला होता.

"चढावर गिअर बदलताना क्लच पुरता दाबला गेला नाही बहुतेक," तो पायरीवर बसत म्हणाला. "मागचं चाक जागच्या जागी जाम. बोटांत जोरच नाही राहिला. मला कळलंसुद्धा नाही." मग तो आपल्या हातांकडे असा बघायला लागला की जणू ते कुणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिले होते. वहिनी हळद आणायला आत गेली. जिंकल्यावर ती बोलत नसे.

धाकट्याने गाडी टेम्पोत घालून गॅरेजात नेली. मेकॅनिक बोलका होता, आणि दुसऱ्या मेकॅनिकांबद्दल वाईट बोलताना त्याला विशेष रंग चढे. त्याने झाकण उघडलं आणि शीळ घातली. आतल्या कडेने सिलिकॉनच्या करड्या अळ्या लोंबत होत्या. बऱ्याच तुटून तेलात उतरल्या होत्या आणि तेल जिथून वर ओढलं जातं त्या जाळीवर त्यांचा लगदा बसला होता.

"तेल वर गेलंच नाही. पिस्टन तापून जाम झाला," मेकॅनिक म्हणाला. "चालवणाऱ्याचं नशीब, म्हणून हाडं शाबूत. हे कुणी भरलंय? केक करायला घेतला होता काय?"

धाकट्याचं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "आधीच्या मेकॅनिकने."

मग मेकॅनिकने त्या आधीच्या मेकॅनिकचा उद्धार केला. असल्या माणसाच्या हातात पाना देऊ नये, पळी द्यावी, आणि तीसुद्धा लाकडी. धाकटा मान डोलावत होता. एका ठिकाणी तर "खरंय" म्हणाला.

रस्त्यावर येऊन त्याने दादाच्या घरी फोन लावला. खरं सांगायचं असंच त्याने ठरवलं होतं. फोन वहिनीने घेतला.

"भाऊजी, एका अर्थी बरंच झालं बघा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "लायसन स्वतःहून कपाटात ठेवलंय. इतके दिवस घसा फोडून सांगत होते, ऐकत नव्हते. तुम्ही आता काही बोलू नका."

इतक्या आपुलकीने गप्प राहायला सांगितल्यावर धाकट्याला नाही कसं म्हणवेल? तो गप्प राहिला. आपण वहिनीसाठी गप्प आहोत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली, आणि भरपाई म्हणून रोज संध्याकाळी दादाला फोन करायला लागला. "हात कसे आहेत?" तो विचारायचा. "आहेत," दादा म्हणायचा.

मग एके दिवशी तो भेटायला गेला. वहिनीने दादाला अर्धाच कप चहा दिला. दादाने तो दोन्ही हातांनी उचलला, लहान मूल उचलतं तसा, आणि खाली ठेवतानाही दोन्ही हातांनी ठेवला. खिडकीतलं चित्र काढायचं स्टँड तिथे नव्हतं. ब्रश एका खोक्यात भरून दाराशी ठेवले होते.

"हे काय?"

"शाळेत देऊन टाकतोय. आपल्याला रेघ सरळ येणार नाही आता. क्लच दाबता येत नाही, तिथे ब्रश काय धरणार?"

वहिनी कप घेऊन आत गेली. जाताना तिने धाकट्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत विजय वगैरे काही उरला नव्हता.

"दादा, तुझी चूक नव्हती ती," धाकटा म्हणाला. "माझी होती. मी सिलिकॉन बदाबदा लावलं. ते आत जाऊन तेलाची जाळी तुंबली आणि इंजिन जाम झालं. क्लचचा काही संबंध नाही."

दादा प्रेमाने हसला.

"तू लहानपणापासून असाच. बाबांची कपाटाची काच मी फोडली होती, तेव्हाही तू पुढे होऊन मीच फोडली म्हणालास. मार खाल्लास माझ्यासाठी. मी विसरलो नाही."

ती काच धाकट्यानेच फोडली होती. त्या घरात आजवर त्याच्या नावावर जमा असलेला एकमेव त्यागही खोटाच होता, आणि आता तो खऱ्याच्या आड येत होता.

"चप्पल घाल," तो म्हणाला. "गॅरेजात चल."

मेकॅनिकला श्रोता मिळाल्याचा आनंद झाला. सुटे भाग मिळत नव्हते म्हणून इंजिन तसंच उघडं पडलं होतं. त्याने झाकण आणि जाळी समोर आणून ठेवली. "हे बघा साहेब, त्या नालायकाचं काम. असल्याला चौकात उभा करून—"

"तो मीच," धाकटा म्हणाला.

मेकॅनिकने वाक्य तिथेच सोडलं. त्याच्या धंद्यात असं बहुधा पहिल्यांदाच झालं असावं.

दादाने जाळीवरची एक करडी अळी चिमटीत धरून ओढली. ती रबरासारखी ताणली गेली आणि तुटली. चिमूट घट्ट होती. ती जितकी हलायची तितकीच हलत होती.

"तुला कधी कळलं?"

"उघडलं त्याच दिवशी."

"आणि रोज फोन करून माझे हात विचारत होतास."

"हो."

काच फोडली तेव्हा बाबांनी मारलं तरी होतं. दादाने फक्त बोटं चिंधीला पुसली आणि मेकॅनिककडे वळला. "बाहेरची ती तुमची गाडी चालू आहे का? जरा द्या."

मेकॅनिकने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने जमिनीकडे बघितलं. मेकॅनिकने चावी दिली.

गाडी सुरू झाली आणि रस्त्याला लागली. पहिला, दुसरा, तिसरा. पुढच्या चढावर आवाज जड झाला, एक गिअर खाली आला, पुन्हा वर गेला. कुठे खरखर नाही, कुठे आचका नाही. धाकटा उलट्या डब्यावर बसून एकेक गिअर ऐकत होता. प्रत्येक गिअर नीट पडत होता, आणि प्रत्येक वेळी त्याला आणखी थोडं खाली बघावंसं वाटत होतं.

"बसलाच आहात तर हे करा," मेकॅनिक म्हणाला, आणि त्याने झाकण आणि एक बोथट पातं त्याच्या मांडीवर ठेवलं. "कडा स्वच्छ निघाली पाहिजे. ओरखडा काढू नका, नाहीतर पुन्हा गळेल."

धाकटा खरवडायला लागला. त्याने मन लावून भरलेलं सिलिकॉन धातूला घट्ट धरून बसलं होतं. मनासारखं झालेलं ते बहुधा एवढंच काम.

दादा परत आला, गाडी स्टँडवर लावली, चावी मेकॅनिकच्या हातात दिली. लायसन अजून कपाटातच होतं; खिशातून नुसता रुमाल काढून त्याने कपाळ पुसलं.

"आमची तयार झाली की फोन करा," तो मेकॅनिकला म्हणाला. "मलाच करा. त्याला नको."

"बरं साहेब."

"दादा," धाकटा म्हणाला.

"वहिनीला तू सांगायचंस," दादा म्हणाला. "आजच. माझ्या आधी घरी जाऊन." आणि तो रस्त्याच्या कडेने चालायला लागला. घराच्या दिशेने नव्हे, तर धाकट्याला पुढे जायला वेळ मिळावा म्हणून उलट्या दिशेने.

धाकटा उठला.

"हे कोण पुरं करणार?" मेकॅनिकने विचारलं.

त्याने झाकणाकडे पाहिलं. अजून अर्धी कडा बाकी होती. दादा कोपऱ्यावर पोचला होता. झाकण खाली ठेवून धाकटा काळ्या हातांनीच रिक्षा बघायला बाहेर पडला.