अप्पांच्या मोटरीचं लाल बटण

सकाळी सात चाळीसला निमगाव केतकीच्या शिवारात अप्पांच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली. घरातल्या कुणीही बटण दाबलं नव्हतं. अप्पांचा हात तेव्हा मोटर आणि पंपाच्या जोडावर होता. लाइट आठला येते म्हणून त्यांनी मेन स्विच पाडला नव्हता. त्या दिवशी ती लवकर आली.

सदऱ्याची बाही आत ओढली गेली. सून राजनंदिनी वांग्याच्या वाफ्यात होती. तिने कमरेला लावलेल्या, मोटरीच्या रिमोटचं लाल बटण दाबलं आणि मोटर जागीच थांबली. बाही फाटली, मनगट खरचटलं. पाचही बोटं शाबूत.

दुपारी बारामती एमआयडीसीतून विनया आली. रिमोटवर मोटर चालू-बंद करणारे हे वायरलेस स्टार्टर तिच्याच छोट्या कारखान्यात बनतात. स्टार्टरच्या पेटीला लॅपटॉप जोडून तिने विक्रेत्या सुयोगकडे पाहिलं.

"कुठल्या रिमोटचा सिग्नल आहे ती तपासणी कुणी बंद केली?"

"मीच, मॅडम. लाइट आली की अख्खं शिवार एकदम बटण दाबतंय. तपासणीत चार-पाच सेकंद जायची. लोकं म्हणायची, रिमोट हाय का पोस्टकार्ड?"

तपासणी नव्हती, म्हणून शेजारच्या लखनच्या रिमोटवर अप्पांची मोटर फिरली होती.

"अप्पा, मी माझीच चालू करत हुतो," लखन मान खाली घालून म्हणाला.

"मग झाली का तुझी?"

"न्हाय."

"घ्या! माझा हात जात हुता, अन् ह्याच्या उसाला थेंब न्हाय."

लखनसुद्धा हसला. विनया तपासणी पुन्हा लावू लागली, तशी राजनंदिनी पुढे आली. "ताई, मग लाल बटणालाबी चार सेकंद लागतील? सकाळी तेवढ्यात काय उरलं असतं?"

विनयाने हात थांबवला. मग दोन्ही बटणं वेगळी केली. चालू करायच्या हिरव्याला तपासणी, उशीर झाला तरी चालेल. लाल मात्र कुणाच्याही रिमोटचं, ताबडतोब. राजनंदिनीने ते पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

"म्हंजी कुणीबी माझी मोटर बंद पाडंल," अप्पा म्हणाले.

"हो अप्पा. पाडू शकेल."

"पाडू दे. पाणी काय, उद्याबी देता येतंय." अप्पांनी बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी मेन स्विच पाडला, मग जोड घट्ट केला. लाइट आल्यावर मोटर नीट सुरू झाली. साडेनऊला ती थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबली. तपासायला नेलेला लखनचा रिमोट तेव्हा बारामतीत, विनयाच्या टेबलावर होता; लाल बटण शिवारातलं दुसरंच कुणीतरी दाबत होतं.