पांढऱ्या कॉलरचा झगा

माणसं केसानं गळा कापतात असं ऐकून होते. माझा गळा माझ्या धाकट्या बहिणीनं कापला, आणि तोही माझ्याच हातून शिवून घेऊन.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, आलेलं काम परत पाठवत नाही. आई गेली तेव्हा धाकटी अकरा वर्षांची होती. तिची वेणी, तिचा डबा, तिचं कॉलेज, सगळं मी त्या मशीनवर बसूनच केलं. ती शिकली, परदेशात नोकरीला लागली, तिथंच संसार थाटला. पुढे बाळ झालं. रजा संपत आली तेव्हा फोनवर रडली. "ताई, परक्या बाईच्या हातात कसं देऊ गं तिला? तू ये ना सहा महिने." मी मशीनवर चादर टाकली आणि निघाले.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोर दोन झगे ठेवले. गडद निळे, पोटऱ्यांपर्यंत लांब, पांढरी कॉलर, पुढे दोन मोठे खिसे. "साडीत थंडी वाजेल तुला. बाहेर जाताना हाच घालत जा." माझं मन भरून आलं. मी सवयीनं झगा उलटा करून शिलाई बघितली. टाके घट्ट होते, पण काखेत ढगळ होता. मी हसून म्हटलं, "याला शिंपी म्हणायचं की कापडाचा वैरी?" आणि दोन्ही झगे उसवून माझ्या मापाचे करून घेतले.

बाबागाडी घेऊन बागेत गेले, तर तिथं तसेच झगे घातलेल्या सात-आठ बायका. सगळ्यांकडे बाळं. मला बघून त्यांनी बाकावर सरकून जागा दिली. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण बाळाचे दात दाखवायला भाषा कुठे लागते? घरी येऊन मी धाकटीला विचारलं, "इथं सगळ्या सारखाच झगा कशा गं घालतात?"

"पद्धत आहे इथली. बाळ घेऊन बाहेर पडायचं तर असंच."

"मग तू का नाही घालत?"

"मला कुठे वेळ आहे तिला बाहेर न्यायला?" ती फोनमध्ये बघत म्हणाली.

मला वाईट वाटलं. ज्या घरात बाळ आहे त्या घरच्या बाईचा हा मान, आणि बाळाच्या आईकडेच तो नाही! तिचा वाढदिवस जवळ आला होता. बागेजवळच्या दुकानातून मी तसंच निळं कापड आणलं. मशीन नव्हतं, म्हणून हातानं शिवलं. तिचं माप मला टेप न लावता येतं, बाळंतपणानंतर कंबरेला किती वाढवायचं तेही. कॉलरला बारीक नक्षी भरली, काजं अशी केली की उलट्या बाजूनंही सुबक दिसावीत. बाळ झोपलं की मी शिवायला बसायची.

वाढदिवस रविवारी होता. दुपारी तिच्या ऑफिसातल्या पाच जणी जेवायला आल्या. मेहुणे कामानिमित्त परगावी गेले होते. धाकटी मला म्हणाली, "आजही झगाच घाल. बाळ तुझ्याकडेच असेल ना." मी वाढलं, ताटं उचलली, आणि मग कागदात गुंडाळलेली माझी भेट तिच्या हातात दिली.

तिनं झगा उलगडला. धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ती तिथल्या भाषेत काहीतरी बोलली, आणि सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. आपली भेट आवडली की माणूस हसतोच.

त्यांच्यातली एक आपल्याकडची होती. उंच, चष्मेवाली. ती मात्र हसली नव्हती. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. सुट्टी तरी देतात ना आठवड्याची?"

"कसली सुट्टी? मी तिची सख्खी बहीण आहे."

तिनं ग्लास ओट्यावर ठेवला. मीच खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. तो झगा तिथं मुलं सांभाळणाऱ्या पगारी बायांचा. धाकटी मघाशी म्हणाली होती, 'आमची बाई भोळी आहे, तिला वाटलं मालकिणीलाही हाच लागतो.'

जन्म गेला गणवेश शिवण्यात, आणि स्वतःच्या अंगावरचा गणवेश मला ओळखता आला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाहुणे जाईपर्यंत मी तोंड शिवून बसले.

दार लागल्यावर मी तिला समोर बसवलं. "बाई हवी होती तर बाई ठेवायची होतीस. बहीण म्हणून का बोलावलंस?"

आधी ती म्हणाली, माझा गैरसमज झाला. मग म्हणाली, इथं सगळ्यांकडे आया असते, नसली की लोक नावं ठेवतात. शेवटी रडायला लागली. "तुला त्यांची भाषा येत नाही, काटा-चमचा धरता येत नाही. काय सांगू मी त्यांना? चुकलं गं ताई. उद्या ऑफिसात सगळ्यांना खरं सांगते. बाळाची शपथ."

ती रडली की मी विरघळते. अकरा वर्षांची असल्यापासून तिला हे ठाऊक आहे. मी पदरानं तिचे डोळे पुसायला गेले, तर अंगावर पदर नव्हता. हातानंच पुसले.

तेवढ्यात घंटी वाजली. चष्मेवाली आली होती, छत्री विसरली म्हणून. छत्री घेतली, पण ती जाईना. माझ्याकडे एकदा बघून तिनं धाकटीला आपल्याच भाषेत सरळ विचारलं, "या कोण तुमच्या?"

मी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होते. धाकटीचे डोळे अजून ओलेच होते. आत्ता सांगेल, मी मनात म्हटलं. उद्याची वाट कशाला, आत्ताच सांगेल.

धाकटी हसली. "गावाकडच्या आहेत. मदतीला आणलंय."

इतके दिवस ती माझ्याबद्दल जे बोलत होती ते परक्या भाषेत होतं. हे तिनं आईच्या भाषेत सांगितलं, माझ्यासमोर.

मी बाळ तिच्या हातात दिलं, पुढची बटणं काढली आणि झगा उतरवून तिच्या खांद्यावर टाकला. आत माझा परकर-ब्लाउज होता, मीच शिवलेला.

"हो बाई," मी चष्मेवालीला म्हटलं, "मी यांच्याकडे कामाला होते. आज सोडलं."