सक्त मनाईचा फलक, फूटपाथच्या मधोमध

मी फलक बोलतोय. बोलतोय म्हणजे, आजवर अंगावर जे लिहिलं तेवढंच बोलत आलो. स्वतःचं असं काही आज पहिल्यांदाच सांगतोय. सवय नाही, त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. लोक मला पाटी म्हणतात. दुकानदारांच्या समितीच्या इतिवृत्तात मात्र मी 'सूचनाफलक' आहे, आणि कागदावरची ओळख कुणाला आवडत नाही?

माझ्या अंगावर लाल अक्षरांत लिहिलं आहे : 'पदपथ हा चालण्यासाठी आहे. पदपथावर दुकानांचे फलक ठेवण्यास सक्त मनाई आहे.' खाली बारीक अक्षरांत नियमाचा क्रमांक, मग पोटनियम, आणि शेवटी 'आदेशावरून'. एवढा मजकूर बाळगणारा आमच्या रस्त्यावर दुसरा कुणी नाही, म्हणून मी स्वतःला सुशिक्षित समजत आलो. मी उभा कुठे होतो म्हणाल, तर पदपथाच्या मधोमध. हे आधीच सांगून टाकतो. नंतर कळलं की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो आणि मला कानकोंडं व्हायला होतं.

माझा जन्म पेंटरच्या शेडमध्ये झाला. त्याआधी मी नुसता पत्रा होतो आणि मला कसलीच मतं नव्हती. ते दिवस सुखाचे होते, असं आता वाटतं. पेंटर ब्रश पुसत स्वतःशीच बोलायचा. "चष्मेवाल्याची पाटी मीच रंगवली, सलूनची मीच, गादीवाल्याची मीच. आता त्या हटवायची पाटीसुद्धा माझ्याकडेच. भांडा बाबांनो, पोटभर भांडा."

हे भांडण काय होतं, ते मी त्याच्याच तोंडून ऐकलं. तो समितीचा सभासद होता आणि बैठकीतलं सगळं शेजारच्या वेल्डरला सांगायचा.

आमच्या रस्त्यावर एका बाजूला ओळीने अकरा चालती दुकानं. चष्मेवाल्याने एकदा आपली उभी पाटी दारातून काढून फूटपाथवर ठेवली. त्यामुळे सलूनची दिसेनाशी झाली, म्हणून सलूनवाल्याने आपली हातभर पुढे आणली. गादीवाले समितीचे अध्यक्ष. त्यांनी पदाला शोभेल अशी, माणसापेक्षा उंच पाटी आणली. होता होता पाट्या फूटपाथवरून चालू लागल्या आणि माणसं रस्त्यावर उतरली. रस्त्यावरून बस जाते. पण बस काही रोज कुणाला उडवत नाही, त्यामुळे व्यवस्था ठीक चालली होती.

ती बिघडवली मावशींनी. मावशी म्हणजे ओळीतल्या शेवटच्या दुकानातल्या. दुकान शिलाईचं, कपडे त्यांचे यजमान शिवायचे, बटणं, दोरे, अस्तर मावशी विकायच्या. यजमानांना सगळे मास्तर म्हणत. चार महिन्यांपूर्वी मास्तरांची उजवी बाजू गेली. ज्या हाताने कात्री चालायची तो हात कुशीला लोंबू लागला, बोलणंही अडखळायला लागलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत मिळवाल तेवढं खरं. पुढे फार कठीण. रोज घरापासून दुकानापर्यंत चाला, आणि लवकरात लवकर एकटे चाला."

घर रस्त्याच्या या टोकाला, दुकान त्या टोकाला. मध्ये अकरा पाट्या. डाव्या हातात चार पायांची काठी, उजव्या बाजूला मावशी. फूटपाथच्या कडेची पायरी उतरताना मास्तरांचा उजवा पाय लटपटायचा आणि मागून बसवाला हॉर्न द्यायचा. मावशींनी आधी स्वतःच्या दुकानाची पाटी आत घेतली आणि मग समितीकडे तक्रार केली. हा क्रम समितीला फारसा रुचला नाही, असं पेंटरचं मत.

"मावशी, तुमचा मुद्दा रास्त आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण पाटी आत घेतली तर गिऱ्हाइकाला दुकान दिसणार कसं?"

"अहो, तुमच्या दारात छतापर्यंत गाद्या रचल्यात. चौकातून दिसतात त्या."

"माझी गोष्ट वेगळी आहे," चष्मेवाला म्हणाला. "ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी माझी पाटी आहे. ती त्याच्या अगदी जवळ नको का यायला?"

"जवळ येते ना. परवा नडगीवर आली माझ्या."

सलूनवाला म्हणाला, "मी आज काढतो. फक्त चष्मेवाल्याने आधी काढावी."

पहिल्या बैठकीत सर्वांनी चिंता व्यक्त केली. दुसऱ्या बैठकीत ती चिंता इतिवृत्तात कायम करण्यात आली. तिसऱ्यात चहा थोडा उशिरा आला आणि त्या अवधीत ठराव झाला की मनाईचा एक फलक लावावा. म्हणजे मी.

मला कुठे उभं करायचं यावर चौथी बैठक झाली. कुणालाच मी आपल्या दारासमोर नको होतो. "लोकांना वाटेल, गुन्हा माझाच," असं दहाही जण म्हणाले. अकराव्या मावशी. त्या म्हणाल्या, "भिंतीवर टांगा की." यावर अध्यक्षांनी विषय पुढे नेला. ओळीच्या मध्यावर एक दुकान वर्षानुवर्षं बंद आहे. ते हरकत घेणार नाही, हे सर्वांच्या एकदम लक्षात आलं. तिथेच विजेची मोठी पेटी भिंतीतून पुढे आल्यामुळे फूटपाथ सर्वांत अरुंद आहे, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. दोन लोखंडी पायांवर, पायांशी एकेक दगड ठेवून, मला तिथे उभं केलं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं. आता वाटतं, यायला नको होतं.

परिणाम त्याच दिवशी दिसू लागला. चष्मेवाल्याने माझ्याकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि आपली पाटी दोन विती पुढे सरकवली. "समितीची पाटी जिथे आहे तिथपर्यंत चालतंय म्हणजे," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या पाट्या माझ्या रेषेत आल्या. आधी कशाही उभ्या होत्या. माझ्यामुळे निदान शिस्त आली. मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला की नियमाला वेळ द्यावा लागतो. सलूनवाला माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालायचा, त्यामुळे 'सक्त' हा शब्द दिवसभर झाकलेला असे. राहिलेली मनाई लोकांना सौम्य वाटली असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही.

मावशी आणि मास्तर माझ्यापाशी आले की थांबत. पेटी आणि मी यांच्यामधून एक सडपातळ माणूस आडवा होऊन जाऊ शकतो. चार पायांची काठी जाऊ शकत नाही. पहिल्या दिवशी मावशींनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझीच काय ती उणीव होती." मग दोघं रस्त्यावर उतरली. मला तेव्हा जे वाटलं ते माझ्या मजकुरात बसत नव्हतं.

त्यांनी माझीही तक्रार केली. अध्यक्ष खरोखर दुखावले. "मावशी, तुमच्याच तक्रारीवरून लावला ना फलक? आता फलकाची तक्रार? मग समितीने करायचं तरी काय?" यावरही तोडगा निघालाच : माझ्या खालच्या कोपऱ्यात रस्त्याकडे दाखवणारा एक बाण रंगवण्यात आला. मी लोकांना फूटपाथवरून खाली उतरायचा मार्ग दाखवू लागलो.

शेवटी मावशींनी थेट सरकारी कार्यालयात अर्ज दिला. पाचव्या आठवड्यात एक ट्रक आला आणि दहाच्या दहा पाट्या उचलून घेऊन गेला. दुकानदार नुसते बघत राहिले. अधिकारी माझ्यासमोर आले, मला अर्धं वाचलं आणि मातहतांना म्हणाले, "हिला हात लावू नका. ही आपल्याच बाजूची आहे." ते गेल्यावर सबंध फूटपाथ मोकळा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्या मधोमध फक्त मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एकटे निघाले.

मावशी दुकानाच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या, गळ्यात मापाची टेप. त्यांना पुढे यायची बंदी होती. मास्तरांनीच घातली होती म्हणे : "तू आलीस, तर ते एकट्याने चालणं धरणार नाही." एक काठी, एक पाय, मग तो दुसरा पाय, जणू कुणा परक्याचा असावा तसा ओढून आणलेला. सलूनवाल्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालाजवळ तसाच थांबला. आणि मास्तर माझ्यापाशी पोचले.

त्यांनी मला वाचलं. सगळं; नियमाचा क्रमांक, पोटनियम, बाणसुद्धा. मला शेवटपर्यंत वाचणारा हा पहिला माणूस. मग त्यांनी कडेच्या पायरीकडे पाहिलं. एकट्याने उतरणं शक्य नव्हतं. मागे वळणं त्याहून अवघड. सरळ चालण्यापेक्षा वळतानाच त्यांचा तोल जायचा, हे मी रोज पाहिलं होतं. डाव्या हातातली काठी सोडली असती तर ते उभेच राहिले नसते. राहिला होता फक्त उजवा हात.

आधी खांदा हलला. मग कोपर. बोटं मिटलेलीच होती. मिटलेली मूठ हवेत वीतभर वर आली आणि माझ्या कडेला टेकली. टेकली म्हणजे फुलपाखरू बसावं तशी. मी जागचा हललो नाही. आयुष्यात इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी सगळं अंग त्या मुठीमागे लावलं. माझ्या एका पायाशी ठेवलेला दगड सलूनवाल्याने दार उघडं राहावं म्हणून कधीच नेला होता. त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी डोललो. त्यांनी पुन्हा ढकललं. मी रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीवर आडवा पडलो, आणि एवढा आवाज झाला की दहाही दुकानांतली माणसं बाहेर आली.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते आपल्या हाताकडे पाहत होते. मग काठी पुढे टाकून चालू लागले.

समिती इतक्या तत्परतेने हललेली मी तोवर पाहिली नव्हती. पाव तासात अध्यक्ष दोन माणसांकरवी मला उचलून मावशींच्या दुकानात आले. मला पुरावा म्हणून मशीनला टेकवून उभं केलं. मास्तर खुर्चीत बसून धापा टाकत होते.

"मास्तर, ही समितीची मालमत्ता आहे," अध्यक्ष म्हणाले. "माफीनामा द्यावा लागेल."

"वाऱ्याने पडली असेल हो," मावशी मध्ये पडल्या. "आजारी माणसाला कशाला त्रास?"

"वारा? झाडाचं पान हलत नाहीये. चष्मेवाल्याने पाहिलंय."

"कोणत्या नंबरातून?"

"मी," मास्तर म्हणाले. शब्द एकेक करून येत होते. "मी पाडली."

"अहो, तुम्ही गप्प बसा बघू."

"उजव्या... हाताने."

मावशी त्यांच्याकडे वळल्या. "डाव्या म्हणायचंय तुम्हाला."

"डाव्यात काठी होती."

 मावशींनी तो हात उचलून पाहिला. मुठीवर माझ्या लाल रंगाचा ओरखडा होता. त्या हळूच स्टुलावर बसल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "लिहा."

"काय लिहू?"

"इतिवृत्तात लिहा. तारीख घाला, वेळ घाला. उजव्या हाताने पाडली, असं लिहा. साक्षीदार चष्मेवाला. खाली मी सही करते."

"म्हणजे... गुन्हा कबूल?"

"शंभर वेळा कबूल! अहो, चमचा धरत नव्हता हो तो हात. चार महिने!" एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. अध्यक्ष वाईट माणूस नाहीत, फक्त अध्यक्ष आहेत. त्यांनी माफीनाम्याचा कागद चार वेळा घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बरं, ते पुढच्या बैठकीत बघू."

पुढची बैठक झाली. सध्या मी अध्यक्षांच्या गोदामात, जुन्या गाद्यांच्या मागे आडवा आहे. डाव्या कोपऱ्याला पोचा पडला आहे. समितीने एकमताने ठरवलं आहे की मला येत्या गुरुवारी त्याच जागी पुन्हा उभं करावं, आणि या वेळी खड्डा खणून सिमेंटमध्ये घट्ट रोवावं. मावशी बैठकीला नव्हत्या; त्यांनी दुकान बंद ठेवून दिवसभर मास्तरांचा व्यायाम घेतला, असं पेंटर सांगत होता. पेंटरकडे दहा नव्या पाट्यांचं काम आलं आहे.

तुमच्यापैकी कुणाची समितीत ओळख असेल, तर माझा एक निरोप द्या. माझं मत कितपत धरायचं, हे मलाच नीट कळत नाही; तरी सांगतो. मला उभं करू नका, असं म्हणणार नाही. तसं केल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. फक्त सिमेंट घालू नका. मास्तरांच्या सहा महिन्यांतला थोडा काळ अजून शिल्लक आहे, आणि व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय, आता त्या हाताला रोज ढकलायला काहीतरी जड हवं.

मी आहे.