टेबलावरचा ऑर्गन

लेथ मशीनने उजव्या हाताची तीन बोटं नेली, तेव्हा लेथवाल्याला कामापेक्षा चर्चमधल्या ऑर्गनचा घोर लागला. तो वाजवायचा मान त्याचा होता. "देवाने गाणं थोडंच नेलंय," म्हणत बायकोने जेवणाच्या टेबलावर खडूने ऑर्गनच्या पट्ट्या आखल्या. उजवी बाजू ती वाजवणार, डावी तो.

सहा आठवडे दोघांनी टेबल बडवलं. तिला सगळ्याची घाई, तो मुलखाचा संथ. भांडणाशिवाय एक कडवं पार पडलं नाही.

रविवारी चर्चमध्ये दोघं ऑर्गनपुढच्या एका बाकावर दाटीवाटीने बसली. त्याने मनात प्रभूचं नाव घेतलं, आणि गीत सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला ती नेहमीसारखी सुसाट सुटली. वाद घालायची ही जागा नव्हती, म्हणून तोही सुटला. मागोमाग अख्खी मंडळी धावत गाऊ लागली; म्हाताऱ्यांनी काठ्या आपटून ठेका धरला. त्याला एकदम रडू आलं आणि हसूही.

उपासना चालवणाऱ्या पाळकांनी घाम पुसत विचारलं, "प्रभूने केलेल्या उपकाराची कुणाला साक्ष द्यायची आहे?"

तो ताडकन उठला. "बोटांचं दुःख आहेच. पण तीस वर्षं प्रभूकडे मागत होतो, आमचं दोघांचं एकदा तरी जमू दे. आज जमलं."

बायकोने त्याचा शर्ट ओढला. "बसा आता. पुढचं गीत राहिलंय, आणि तुम्ही आत्ताच मागे पडलात."