करिश्माचा मामा

"अहो मामा, ती गोणी खाली ठेवा म्हणते ना!"

जाईबाई उलथनं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आली. ठाकुर्लीच्या त्या बालगृहात लग्नाचा मांडव घातला होता आणि निवृत्त सुभेदार कुलवंतसिंग तांदळाची गोणी छातीशी कवटाळून अंगणात उभा होता. पांढरी दाढी, केशरी पगडी, तोंड लालबुंद.

"प्रॅक्टिस करतो, जाईबाई. आज करिश्माला उचलायचं आहे."

"कोण उचलतं हल्ली? मामा नुसता हात धरून आणतो नवरीला."

"मला उल्लू नको बनवू."

आता याला काय म्हणावं! महापुराच्या साली त्याच्या पलटणीने इथली पोरं होडीने पाण्यातून बाहेर काढली, तेव्हापासूनचं हे नातं. पलटण कुठे कुठे गेली, तरी दर दिवाळीला चार-दोन जवान इथे हजर. पोरं भांगडा शिकली, आणि जवान जाईबाईच्या हातची वालाची उसळ मागून मागून खाऊ लागले. शेजारच्या एका लग्नात मामाने नवरीला कडेवर घेऊन बोहल्यावर नेलं, ते छोट्या करिश्माने पाहिलं. "मला कोण नेणार?" म्हणून ती हमसून रडली होती. "मी नेणार," कुलवंतसिंगाने छाती ठोकून सांगितलं. झालं! फौजी माणूस, शब्द दिला तो दिला.

पण यंदा त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. कालच त्याच्या बायकोचा फोन आला होता. "दीदी, कुछ भारी मत उठाने देना. डॉक्टरने साफ मना किया है." जाईबाईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"मामा, जीव जाईल तुमचा," ती आता कळवळून म्हणाली.

गोणी खाली आली. कुलवंतसिंगाचे डोळे भरले होते. "मला बहीण नाही, जाईबाई. मामा म्हणणारी हीच पोरं. तिला काय सांगू, मामा म्हातारा झाला?"

 जाईबाई तडक करिश्माकडे गेली. अर्धवट वेणी घातलेली करिश्मा सगळं ऐकून आधी ढसाढसा रडली. मग नाक पुसून म्हणाली, "हरजोतला बोलाव, मावशी. आणि कोठीतला तो मोठा पाट काढ."

हरजोत लग्नाला आलेल्या तरुण जवानांतला सगळ्यात वांड. त्याने मुहूर्ताच्या वेळी कुलवंतसिंगापुढे खाडकन सलाम ठोकला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता थाप मारली. "साब, हिच्या सासरी कळव्याला नवरीला पाटावरून नेतात. चार मामा लागतात. पुढचा कोपरा तुमचा."

नवऱ्या मुलाची, दिपेशची आई तोंड उघडणार, तोच जाईबाईने तिचा हात गच्च दाबला.

करिश्मा पाटावर बसली. चौघांनी हात घातले, आणि कुलवंतसिंगाच्या कोपऱ्याखाली त्याच्यामागून वाकलेल्या हरजोतचा पंजाही अलगद सरकला. "उठाओ!" सुभेदाराचा जुना आवाज मांडवभर घुमला. पाट वर गेला. भटजींनी मंगलाष्टकाचं एक कडवं लांबवलं. पाट बोहल्याशी टेकला तेव्हाच जाईबाईने दिपेशच्या आईचा हात सोडला.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. कुलवंतसिंग खुर्चीवर बसून फोनवर बायकोला मोठमोठ्याने सांगत होता, "उठा लिया! अरे, फूल जैसी हल्की है!" पलीकडे जवान मान खाली घालून पंगतीची पानं मांडत होते.

जाईबाईने त्याला पाण्याचा तांब्या दिला. फोन खिशात ठेवून तो पाणी प्यायला आणि दाढी पुसत बोहल्याकडे बघू लागला.

"जाईबाई," तो हळूच म्हणाला, "माझ्या कोपऱ्याला वजनच नव्हतं."

जाईबाईने रिकामा तांब्या त्याच्या हातातून घेतला.

"करिश्माला सांगू नको हां. तिला वाईट वाटेल."

"नाही सांगत," जाईबाई म्हणाली.